हिरवं वर, पिवळं खाली

मित्रांनो, मला एकच डोळा आहे आणि तोही आता अधू झाला आहे. त्याच्या कडेला बुरशीचे बारीक धागे धरले आहेत आणि मधोमध मिठाचा एक डाग पडला आहे. मी लांबचं दाखवणारी जुनी दुर्बीण आहे, पितळी नळीची, तीन पायांच्या घोडीवर उभी राहणारी. एकेकाळी माझ्यामुळे एका घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. ते कसं घडलं आणि पुढे काय झालं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म भिंगांच्या कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलांवर काचा घासत, धुवत आणि पुन्हा घासत. शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांना सगळे मागून 'खोडकाढ्या बाई' म्हणायचे. बाई प्रत्येक भिंग दिव्यासमोर धरत आणि यात काहीतरी खोड असणारच, अशा खात्रीने पाहत. माझं भिंग त्यांनी पुन्हा पुन्हा माघारी पाठवलं. अखेर नळीत बसवू दिलं, पण चांगलं आहे असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "सध्या तरी काही सापडत नाही," एवढंच म्हणाल्या. संशयाचं बाळकडू मला असं जन्मतःच मिळालं.

तिथून मी एका तळ्यावर आले. तळं मोठं पण उथळ होतं. काठाने उंच गवत आणि चिखल. लाकडी खांबांवर उभारलेली एक खोली होती आणि तिच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट. त्या फटीशी मला उभं केलं. खोलीत तळ्याचे राखणदार राहत. ते पन्नाशीचे, उंच, आणि माझ्यापुढे वाकून वाकून कायमचं थोडं पोक आलेले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तळ्याच्या पलीकडे त्यांची बहीण राहायची. तिची चाळिशी उलटली होती, कानशिलं पिकली होती, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. तिचा नवरा तळ्यात मासे धरायचा आणि जाळी विणायचा. राखणदार त्यांना दाजी म्हणत, म्हणून माझ्या लेखीही ते दाजीच.

रोज संध्याकाळी राखणदार मला मऊ फडक्याने पुसत, टोपण लावत आणि बांधावरून चालत बहिणीकडे जेवायला जात. परत येताना ते काहीतरी गुणगुणत असत. त्यावरून जेवण कसं झालं होतं ते मला कळायचं.

ते माझ्या मानाचे दिवस होते. पाखरं बघायला लोक यायचे, माझ्यापुढे रांग लावायचे. एक शिक्षिका तर माझ्यातून करकोचा पाहून चटकन मागे सरकल्या होत्या, त्याची चोच आपल्याला लागेल म्हणून.

राखणदारांचा जीव मात्र तुतवारांवर होता. तुतवार म्हणजे मुठीत मावेल एवढं पाखरू, करड्या पाठीचं, लांब चोचीचं. चिखलात चोच खुपसत ते असं चालतं, की जणू कोणी घाईघाईने टाके घालत आहे. थंडी सरली की त्यांचे थवे दक्षिणेकडून यायचे. आमच्या तळ्यावर खाऊन खाऊन गुबगुबीत व्हायचे. मग एका सकाळी पाठीशी वारा आला की सगळेच्या सगळे उत्तरेला निघून जायचे. त्यांची घरटी तिकडे.

एका वर्षी पाखरांच्या अभ्यासकेंद्रातली माणसं आली. त्यांनी बरेच तुतवार अलगद धरले, प्रत्येकाच्या पायात प्लास्टिकची दोन वळी घातली आणि त्यांना सोडून दिलं. हिरवं वर आणि पिवळं खाली, ही आमच्या तळ्याची खूण ठरली. पुन्हा थंडी सुरू होईल तेव्हा हीच पाखरं दक्षिणेला परत जातील, त्या वेळी लक्ष ठेवा, असं त्यांनी राखणदारांना सांगितलं.

राखणदारांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. थंडीच्या तोंडावर बदकं आली, बगळे आले, करकोचेही आले. तुतवार मात्र औषधालाही दिसेना. खरं सांगायचं तर पूर्वीही त्या दिवसांत ते कधी दिसत नसत, पण तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आता विचारायला केंद्रातले साहेब आले. त्यांना पुढे दुसरीकडे जायची घाई होती. एकही पाखरू परतलं नाही, हे ऐकून त्यांनी माझ्यातून तळ्यावर एक नजर फिरवली आणि जाता जाता म्हणाले, "इथे जाळी बरीच दिसतात हो. कोणी हात मारत नाही ना पाखरांवर?"

साहेबांची गाडी निघून गेली. ते वाक्य मात्र खोलीतच राहिलं.

तळ्यावर जाळी टाकणारे एकटे दाजीच होते. त्या दिवशी राखणदार जेवायला गेले, पण परत येताना गुणगुणले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तळ्यावरून फिरवत फिरवत पलीकडच्या काठावर आणलं आणि दाजींच्या पडवीसमोर थांबवलं. मला काही स्वतःची मान नाही. वळवतील तिकडे मी वळते. पडवीत जाळी वाळत होती. त्यांतलं एक फारच बारीक विणीचं होतं. एवढ्या बारीक जाळ्यात कुठला मासा धरणार, असं राखणदार स्वतःशीच पुटपुटले. पायरीखाली करडी पिसं पडलेली दिसली. घरात मांजर होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण एकदा मनात पाल चुकचुकली की मांजर कोणाला आठवतं?

तेव्हापासून मी पाखरं कमी आणि दाजी जास्त पाहू लागले. दाजी नावेत चढताना, दाजी जाळं झटकताना, दाजी मान वळवून मागे बघताना. माणूस माशी हाकलायलाही मान वळवतो, पण माझ्यातून ते चोरासारखं दिसायचं. आणि मग एका सकाळी दाजी तळ्याच्या दूरच्या टोकाला, गवताच्या आडोशाला उभे दिसले. समोर एक अनोळखी माणूस होता. दाजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि एक झाकलेली टोपली त्याच्या हातात दिली. राखणदारांच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर धरली आणि मला काही दिसेनासं झालं.

त्या संध्याकाळी जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. पण धाकटी पुढे मला पुसता पुसता ते इतक्या वेळा स्वतःशी बोलली, की माझं पाठ झालं आहे. ताटं वाढली होती. राखणदारांनी घासही न घेता विचारलं, "दाजी, त्या टोपलीत काय होतं?"

"कुठल्या टोपलीत?"

"पलीकडच्या टोकाला त्या माणसाला दिलीत त्या."

दाजींनी हातातला घास ताटात ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या खोलीतून तिथला माणूससुद्धा ओळखू येत नाही. तुम्हाला टोपली दिसली?" राखणदारांनी नजर खाली वळवली. दाजींना उमगलं. "असं होय. माझ्यावर दुर्बीण लावली होतीत. मग झाकणही काढून बघायचं होतं."

ते ताटावरून उठले आणि आठवड्याभरात घरातूनही गेले. लांब समुद्रकाठी मिठागर होतं, तिथे त्यांनी काम धरलं. तो अनोळखी माणूस तिथलाच मुकादम होता. तळ्यात मासे कमी होत चालले होते म्हणून दाजी त्याच्याकडे कामासाठी शब्द टाकत होते, आणि टोपलीत त्याच्यासाठी मासे होते. हे त्यांनी निघताना बायकोला सांगितलं. धाकटीने ते भावाला सांगितलं. राखणदारांनी ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाले, "मासेच होते तर लपवलं कशाला?"

मित्रांनो, खरी गोम अशी की हाच प्रश्न धाकटीलाही पडला होता. आपण नको म्हणू म्हणून नवऱ्याने सांगितलं नाही, हे तिला कळत होतं. पण कळणं निराळं आणि मनाला पटणं निराळं. भावासमोर ती नवऱ्याची बाजू घेऊन तावातावाने भांडली. घरी गेल्यावर मात्र तिने नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यांचे खिसे उलटे केले. तिला काहीच सापडलं नाही, आणि त्याने तिचं समाधानही झालं नाही.

त्यानंतर राखणदार तिच्याकडे जेवायला गेले नाहीत. ती डबा आणून पायरीवर ठेवायची आणि न बोलता निघून जायची. ते धुतलेला डबा पायरीवर ठेवायचे. भावाबहिणीचं नातं त्या पायरीएवढं उरलं होतं.

थंडी गेली आणि तुतवार नेहमीसारखे आले. त्यांच्यात काहींच्या पायांत हिरवं वर, पिवळं खाली अशी वळी होती. मला वाटलं, आता हा गुंता सुटेल. पाखरं जिवंत आहेत, म्हणजे कुठून तरी परतली असणारच. पण राखणदारांचा हिशेब वेगळाच निघाला. "ही वाचलेली," ते म्हणाले. "बाकीची कुठे आहेत?" संशयी माणसाला पुरावा द्यायला जावं, तर तो त्याच पुराव्याची उशी करून झोपतो.

पाखरं उत्तरेला गेली. पुन्हा थंडी तोंडावर आली. आता तळ्यात एकही जाळं नव्हतं, दाजी कोसभर दूर नव्हे, प्रवासाने दिवस जावा इतके दूर होते. तरी तुतवार आले नाहीत. तेव्हा तरी राखणदारांनी हार मानायला हवी होती. पण संशयाला घर बदलायला वेळ लागत नाही. त्यांनी मला धाकटीच्या पडवीकडे वळवलं.

ती पडवीत बसली होती. बारीक विणीचं ते जाळं खाली काढून मांडीवर घेतलं होतं. ती ते इंचाइंचाने चाचपत होती, नाकाशी धरत होती, दोऱ्यात अडकलेलं काहीतरी नखाने काढत होती. राखणदार ताठ झाले. यांचं सगळं घरच सामील आहे, आता पिसं वेचून पुरावा पुसते आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आणि बिचारी धाकटी काय करत होती? तीही पिसंच शोधत होती. नवरा खोटं बोलला का, हे तिला एकदाचं पाहायचं होतं. जाळ्यात माशांचे खवले होते. ते जाळं दाजी वाळत घातलेल्या बारक्या माशांवर टाकत, कावळ्यांनी ते पळवू नयेत म्हणून. हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं, आणि तरीही ती शोधत होती.

त्याच वेळी ऊन माझ्या काचेवर पडलं आणि मी चमकले. धाकटीने वर पाहिलं. ती तशीच उठली, बांधावरून सरळ चालत आली, जिना चढली आणि दारात उभी राहिली.

"दादा, काय दिसलं?"

"तूच सांग," राखणदार म्हणाले.

ती पुढे आली. तिने माझे तिन्ही पाय मिटले, मला फडक्यात गुंडाळलं आणि काखेत मारलं. ते काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "डोळे तुझे बिघडलेत. हिचा कशाला बिघडवतोस?" आणि मला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसमध्ये होतो. ती नवऱ्याकडे निघाली होती. मला मागे ठेवलं तर भाऊ पुन्हा तिच्या रिकाम्या घराकडे डोळा लावून बसेल, म्हणून तिने मला सोबत घेतलं. वाटेत तिने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. नवऱ्याला ती येते आहे हे कळवलं नव्हतं. का नाही कळवलं, हे तुम्ही ओळखलं असेलच. न कळवता गेलं की जे असेल ते दिसतं.

मिठागर म्हणजे डोळे दिपवणारी जागा. समुद्राचं पाणी चौकोनी वाफ्यांत अडवलेलं, वाफ्यांमध्ये मातीचे बांध, आणि दूरवर मिठाचे पांढरे ढीग. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. यात आपला माणूस कुठला, हे तिला कळेना. मग तिने मला बांधावर उभं केलं, टोपण काढलं आणि डोळा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्यातून पाहत होती. माझी गोल कडी कशी फिरवायची तेही तिला नीट ठाऊक नव्हतं. दूरच्या माणसांऐवजी तिने समोरचा उथळ वाफाच स्पष्ट केला.

वाफ्यात पाखरं होती. करड्या पाठीची, लांब चोचीची. आधी तिने मला पुढे सरकवलं. मग हळूच मागे आणलं. एका पाखराने पाय उचलला. हिरवं वर, पिवळं खाली.

ती खूप वेळ वाकलेलीच राहिली. आणखी एक दिसलं, मग आणखी एक. शेजारी पिल्लंही होती, पिसांच्या कडा फिकट असलेली, त्याच वर्षीची. तळ्यावर ज्यांची वाट पाहत एक घर मोडलं होतं, ती पाखरं इथे दाजींच्या पायांशी निवांत चरत होती. धाकटी खाली बांधावर बसली आणि पदराने तोंड दाबून रडली. आनंदाने रडली म्हणावं, तर त्यात लाजही बरीच होती.

दाजींना ती भेटली तेव्हा ते फावडं धुवत होते. तिने सगळं सांगितलं, सदऱ्याचे खिसे आणि जाळंही लपवलं नाही. दाजी ऐकत राहिले. त्यांनी बायकोला दोष दिला नाही, पण पाखरं बघायलाही आले नाहीत. म्हणाले, मला त्या पाखरांचं काही सांगू नकोस.

धाकटीने मुकादमाच्या कचेरीतून भावाला फोन लावला. राखणदारांचा विश्वास बसला नाही. हे दाजींनी पढवलं असेल, असंच त्यांना वाटलं. धाकटीने वाद घातला नाही. "ये आणि बघ," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

ते आले. प्रवासाने चुरगळलेले, दाढी वाढलेली, तोंड घट्ट मिटलेलं. कोणाशी न बोलता माझ्यापाशी आले. सवयीने आधी त्यांनी माझी काच पुसली आणि मग डोळा लावला. मित्रांनो, मी त्यांचा डोळा वर्षानुवर्षं ओळखत होते. तो थरथरताना मी पहिल्यांदाच पाहिला. बऱ्याच वेळाने ते सरळ झाले आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. वारा उत्तरेकडून, किनाऱ्याला धरून येत होता.

"जाताना वारा तळ्यावरून असतो," ते हळू आवाजात म्हणाले. "आता तो किनाऱ्याने आहे. एका वाटेने जातात आणि दुसरीने येतात. मोठा वळसा घेतात." मग बहिणीकडे न बघता म्हणाले, "मी फक्त अर्धाच वळसा बघत होतो."

पुढे केंद्रातल्या लोकांनीही हे मान्य केलं. अनेक पाखरं असाच वळसा घालून प्रवास करतात, असं त्यांनी सांगितलं. ते आधीच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण साहेबांना त्या दिवशी घाई होती.

तेवढ्यात दाजी बांधावरून आले, पायांना पांढरं मीठ लागलेलं. राखणदार वयाने मोठे होते, तरी चार पावलं तेच पुढे झाले. "दाजी, माझं चुकलं," ते म्हणाले. दाजींनी फावडं खांद्यावरून उतरवलं.

"तळं तुम्ही चांगलं राखलंत," ते म्हणाले. "माणसं राखायची तेवढी राहिली." आणि मग, जरा थांबून, "ऊन चढतंय. छपरात चला."

मोडलेलं लगेच सांधलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दाजी तळ्यावर परतले नाहीत. धाकटीने मिठागराजवळच बिऱ्हाड मांडलं. राखणदार एकटेच परत गेले आणि जाताना मला तिच्याकडे ठेवून गेले. उत्तरेला जाणारी पाखरं मी बघतो, परतणारी तू बघ, असं त्यांनी तिला सांगितलं. तेव्हापासून थंडीच्या तोंडावर धाकटी मला बांधावर उभी करते आणि तुतवार उतरले की भावाला फोन करून सांगते, "पोचली रे." पलीकडून ते इतकंच म्हणतात, "बरं." पण ते फोन ठेवत नाहीत, इकडतिकडचं बोलत राहतात.

दाजींचं मात्र मन माझ्याविषयी साफ झालं नाही. माझं तोंड त्यांच्या दिशेला वळलं की ते दोन पावलं बाजूला सरायचे. घरात मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. मी त्यांना दोष देत नाही. मिठाच्या हवेत माझं पितळ काळवंडलं, घोडीचा एक पाय ढिला झाला, काचेत बुरशी शिरली. म्हणून सांगते, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला ओल्या हाताने पुसू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आणि काम झालं की टोपण लावा. आणि तिच्यातून एखादं माणूस दिसलंच, तर पाहत बसू नका. चालत जा आणि त्याला विचारा.

एवढं सांगून मी थांबणार होते, पण परवाचं राहिलं. धाकटी बांधावर मला उभी करून पाणी आणायला गेली होती. दाजी कामावरून येत होते. ते माझ्यापाशी थांबले, आजूबाजूला पाहिलं, आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकले. त्यांचा डोळा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. समोर वाफ्यात एक तुतवार चरत होता. दाजी श्वास रोखून बघत राहिले. ज्या पाखरांच्या चोरीचा आळ त्यांनी इतकी वर्षं वागवला होता, त्यांतलं एकही त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

धाकटी पाणी घेऊन आली आणि मागे उभी राहिली. डोळा न काढताच दाजी म्हणाले, "अगं, केवढंसं आहे हे."

तिने कळशी खाली ठेवली आणि ती तिथेच, त्यांच्याजवळ उभी राहिली.